पलतडीची वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणासाठी आपण दरवर्षी इथं मालवणात जमतो, त्यांनी आमच्या पिढीला पेटीवर बोट ठेवून सूर ओळखायला शिकवलं. पण सुराच्याही आधी ते एक प्रश्न विचारत. कुठलंही गाणं घेतलं, भजन असो, ओवी असो की सिनेमातलं असो, ते म्हणत, "ह्या गाण्यात कोण बोलता? आणि कोणाक सांगता?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत ते पेटीचा भाता उघडत नसत. तेव्हा आम्हाला तो वेळकाढूपणा वाटायचा. आज साठी उलटल्यावर वाटतं, की गाण्याविषयी मला जे काही कळलं ते त्या एका प्रश्नामुळेच.

म्हणून आजचं व्याख्यान एकाच गाण्यावर देणार आहे आणि त्याला गुरुजींचाच प्रश्न विचारणार आहे. हे गाणं इथं बसलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यावर मुली नाचल्या आहेत. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ते वाजवलं आहे. त्यातलं 'घे घे' कानावर पडलं की लहान मूलसुद्धा डोलायला लागतं. 'हांव सायबा' हे ते गाणं. गोव्यातली एक देखणी.

माझी आणि या गाण्याची खरी ओळख देवबागच्या टोकाला झाली. कर्ली नदी तिथं समुद्राला मिळते. समोर भोगवे दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण मध्ये खाडीचं मुख आहे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पलीकडच्या गावात नात्यातली एक बाई बाळंत व्हायची होती आणि आत्येला तातडीनं जायचं होतं. मलाही बरोबर घेतलं होतं. आम्ही पोचलो तोवर दिवस कलला होता आणि तारी, म्हणजे नावाडी, होडी वर ओढत होता. आत्येनं दुप्पट पैसे पुढे केले. तिनं विनवण्या केल्या, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "गे बाय, वारो फिरलो हा. पैशान व्हडी तरना नाय."

ती रात्र आम्ही काठावरच्या एका घरात काढली. पलीकडे दिवे दिसत होते. आत्ये झोपली नाही. सकाळी त्याच तारयानं आम्हाला पहिल्या खेपेत नेलं आणि एक पैसा जास्त घेतला नाही. पुढं केव्हातरी रेडिओवर ही देखणी लागली आणि कुणीतरी मला तिचा अर्थ समजावला, तेव्हा मला नाचणाऱ्या बायका दिसल्या नाहीत. मला आत्ये दिसली.

गाण्याची गोष्ट सोपी आहे. नदीकाठी कलावंतिणी आल्या आहेत. पलीकडे दामूचं लग्न आहे, त्याच्या मांडवात त्यांना नाचायचं आहे. वाट ठाऊक नाही, म्हणून त्या तारयाला विनवतात. तो ऐकत नाही. मग त्या अंगावरचे दागिने उतरवून त्याच्यापुढं धरतात. पायातले पैंजणसुद्धा. 'घे' म्हणतात, तो 'नको' म्हणतो. पुन्हा 'घे', पुन्हा 'नको'. सगळ्या गाण्याचा नाद या दोन शब्दांच्या येरझारीत आहे. एक शब्द पुढं येतो, दुसरा त्याला मागं लोटतो. लाट किनाऱ्यावर येते आणि परतते तसं. चाल इतकी नाचरी, की आपण त्या नकारावरसुद्धा टाळ्या वाजवतो.

हे लोकगीत आहे असं आपण सगळे समजतो. त्याला कर्ता आहे. कार्लुस एवजेनियो फेरेरा हे त्यांचं नाव. 1860 साली जन्मलेले आणि 1932 साली वारलेले हे गोमंतकीय ख्रिस्ती रचनाकार. त्यांचं हे गाणं पहिल्यांदा छापलं गेलं ते मडगावात नाही, मुंबईतही नाही. ते 1895 साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यानंतर गाणं इतकं पसरलं की करणाऱ्याचं नाव मागं राहिलं. लोकांनी ते आपलं मानलं. रचनाकाराला याहून मोठा मान नाही असं म्हणतात, आणि ते मलाही पटतं. तरी आज इथं हे नाव एकदा मोठ्यानं घ्यावं असं मला वाटलं.

देखणी म्हणजे काय, हे थोडं सांगते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो फुलला. संथ, विरहानं भिजलेला, दिवाणखान्यात जोडीनं नाचायचा. त्याला जोडून येणारी दुलपदं जलद, गावातल्या गोष्टी सांगणारी. आणि देखणी या दोघांहून निराळी. चालीत पाश्चात्य आणि आपले सूर एकमेकांत मिसळलेले, साथीला व्हायोलिनबरोबर घुमट. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्यानंतर ते थांबलं, आता बकऱ्याचं कातडं लावतात. 2019 साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. गणपतीच्या आरतीला जे घुमट वाजतं, तेच देखणीला वाजतं. एकाच मातीचं भांडं दोन्ही घरांत गेलं.

देखणी नाचताना ख्रिस्ती मुली लुगडं नेसत, केसांत फुलं माळत, पायांत घुंगरू बांधत आणि कलावंतिणीचं सोंग घेत. म्हणजे या नाचात ख्रिस्ती मुलगी हिंदू नर्तकी होई आणि गाणं संपलं की पुन्हा आपल्या घरी जाई. आता गुरुजींचा प्रश्न विचारा. या गाण्यात कोण बोलते? कलावंतीण बोलते. पण ते बोल एका ख्रिस्ती पुरुषानं लिहिलेत आणि ख्रिस्ती घरातल्या मुलीच्या तोंडी दिलेत. पहिल्याच दिवसापासून हा आवाज उसना आहे.

तो का उसना घ्यावासा वाटला? याचं माझं उत्तर नदीत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेस आणि साष्टीतली देवळं पाडली. भक्तांनी रातोरात देव उचलले आणि होड्यांतून नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. नदीच्या या काठावर चर्च उभी राहिली, त्या काठावर देवळं. देवांमागून पुजारी गेले, वाजंत्री गेले, कलावंतिणी गेल्या. जे मागं राहिले त्यांचा धर्म बदलला. पण देवळातल्या चौघड्याचा आवाज वाऱ्यावर नदी ओलांडून येतच राहिला असेल.

तीनशे वर्षांनी त्या मागं राहिलेल्यांच्या वंशातला एक माणूस गाणं रचतो आणि त्यातली बाई म्हणते, मला पलतडी, म्हणजे पलीकडच्या काठाला, जायचं आहे, वाट दाखव. फेरेरांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. पण त्या नदीकाठी 'पलतड' हा शब्द उच्चारला की त्याच्यामागं काय काय उभं राहतं, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसणार.

आपल्यालाही ते सांगावं लागू नये. तेरेखोलच्या काठावर, आरोंद्याच्या माणसाला पलीकडचं गाव 1961 सालच्या 19 डिसेंबरपर्यंत परक्या राज्यात होतं. सोयरीक तिकडची, देव तिकडचा, भाषा एका कुळीची, आणि मध्ये पहारा. बांद्याजवळ पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच हद्दीवर. होड्या होत्या, तारी होते, पाणीही फार खोल नव्हतं. तरी पार जाता येत नव्हतं. तारी हे आपल्याकडे आडनाव आहे. या सभागृहातही त्या आडनावाची माणसं बसलेली असतील. पार नेणं हा ज्यांच्या घराण्याचा धर्म, त्यांना किती वेळा 'नाय' म्हणावं लागलं असेल, याचाही विचार हे गाणं ऐकताना मनात येतो.

आता गाण्याच्या पुढच्या प्रवासाकडे वळू. गोव्याच्या चर्चशेजारच्या शाळांत मुलांना प्रार्थनागीतांसाठी नोटेशन शिकवत आणि व्हायोलिन हातात देत. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. या शाळांतून तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईला आले, धोबीतलावच्या कुडांत राहिले. कूड म्हणजे गावकऱ्यांनी गावच्या माणसांसाठी भाड्यानं घेतलेली जागा, एका खोलीत वीस ट्रंका आणि एक देव्हारा. हॉटेलांत जॅझ वाजवणारे हेच, आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसणारेही हेच. हिंदी सिनेमाच्या संगीतात शेकडो व्हायोलिनांचा जो ताफा ऐकू येतो, त्याच्या मागं ही माणसं आहेत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावानं गाजलेले आंतोनियो वाझ, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हे अँथनी गोन्साल्विस ज्यांना व्हायोलिन शिकवत त्यांत प्यारेलाल होते. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये ज्या नावावर अख्खा देश नाचला, ते नाव शिष्यानं गुरूला वाहिलेलं होतं.

त्याच प्यारेलालांच्या जोडीतले लक्ष्मीकांत. त्यांचं आडनाव कुडाळकर. जन्म मुंबईचा, पण आडनावात आपलं कुडाळ. राज कपूर 'मेरा नाम जोकर'च्या अपयशानं कर्जात बुडाले होते आणि त्यांच्या चित्रपटांचे संगीतकार जयकिशन वारले होते. नव्या चित्रपटासाठी राज कपूरांनी पहिल्यांदा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना बोलावलं. तो चित्रपट 'बॉबी'. साल 1973. नायिका गोव्याच्या कोळ्याची मुलगी. ऋषी कपूर, डिंपल कपाडिया, आणि बापाच्या भूमिकेत प्रेमनाथ, म्हणजे जॅक ब्रगांझा. त्यातल्या 'ना माँगूँ सोना चाँदी' या गाण्यात आपली देखणी आहे. 'घे घे'चा तो ठेका आणि ती ओळ शब्दासकट हिंदीत आली. 'घे' हा शब्द हिंदीत नाही, पण कानपूर-लुधियानाच्या माणसानंही तो तोंडात घेतला. फेरेरांच्या गाण्याला पॅरिसच्या छापखान्यानं जे दिलं नव्हतं ते या एका गाण्यानं दिलं.

आणि इथं काय बदललं ते बारकाईनं बघा, कारण माझ्या व्याख्यानाचा जीव इथं आहे. मूळ गाण्यात बाई दागिने पुढं करते आणि पुरुष नको म्हणतो. विठ्ठलभाई पटेलांच्या हिंदी गाण्यात सोनंचांदी, हिरेमोती नकोत असं म्हणणारा पुरुष आहे. त्याला बदल्यात प्रेम हवं आहे आणि प्रेमात सौदा नसतो असं तो सांगतो. गाणारे दोघे, मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग. म्हणजे कलावंतिणीचा 'घे' आता पुरुषांच्या तोंडी आला. तिची अजीजी संपली आणि त्याची उदारता उरली. गाणं गोड आहे, चित्रपटात ते शोभतं, मीसुद्धा ते हजारदा गुणगुणले आहे. त्याची निंदा करायला मी उभी नाही. पण गुरुजी असते तर भाता मिटून त्यांनी विचारलं असतं, "अरे, ती बाई खंय गेली?"

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्रजी रॉक संगीतात एक गाणं आहे, साठ वर्षं होऊन गेली तरी गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा जगात कुठंही ते वाजवतो. 'द हाउस ऑफ द रायझिंग सन'. न्यूकॅसलच्या 'द ॲनिमल्स' या बँडनं ते 18 मे 1964 रोजी ध्वनिमुद्रित केलं आणि ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रेडिओवर तीन मिनिटांपलीकडे गाणं चालत नसे, अशा काळात हे साडेचार मिनिटांचं गाणं चाललं. पण ते त्या मुलांनी रचलेलं नव्हतं. 1937 साली ॲलन लोमॅक्स नावाचा लोकगीतांचा संग्राहक केंटकीच्या डोंगरात मिडल्सबरो गावी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेला. तिथं खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीनं, जॉर्जिया टर्नरनं, त्याला हे गाणं म्हणून दाखवलं. तिच्या गाण्यात बोलते ती एक मुलगी. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घरानं जिचा नाश केला अशी मुलगी. 1962 साली बॉब डिलननं ते गायलं तेव्हाही बोलणारी बाईच होती. 'ॲनिमल्स'नी तिचा मुलगा केला आणि गाणं जगभर गेलं.

केंटकीचा डोंगर आणि गोव्याची नदी, दोन्हींकडे तेच झालं. बाईच्या दुःखाला इतकी सुंदर चाल लागली, की लोकांनी चाल ठेवली आणि बाई बदलली. हे कुणी कपटानं केलं असं मी म्हणणार नाही. गाणं गळ्यागळ्यांतून जाताना प्रत्येक जण त्यात आपल्याला बसवतो. तसं झालं नाही तर गाणं जगतच नाही. आपल्या ओव्या नाही का, एकीच्या माहेराची ओवी दुसरी म्हणते तेव्हा गावाचं नाव बदलून घेते.

मग ही देखणी 130 वर्षं का टिकली? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं चालीत आहे. 'घे' आणि 'नको' ही जुगलबंदी कुणालाही दोन मिनिटांत येते. समूहाचे दोन भाग करा, एक बाजू एक शब्द म्हणेल, दुसरी दुसरा. शिकवावं लागत नाही. फुगडी घालताना, भात लावताना, होडी ओढताना जी गाणी टिकतात त्यांची बांधणी अशीच असते. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं.

दुसरं कारण मिश्रण. हे गाणं पूर्ण ख्रिस्ती नाही, पूर्ण हिंदू नाही. सूर युरोपाकडे बघतो आणि ठेका घुमटाकडे. म्हणून ते मालवणात परकं वाटलं नाही, पणजीत तर नाहीच, आणि 'बॉबी'मधून ते दिल्लीला गेलं तेव्हा तिथंही परकं वाटलं नाही. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या लग्नात बँडनं ते वाजवलं की मांडवाबाहेर उभे असलेले आम्ही सगळे नाचलो आहोत.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे गायलं जातं त्या रूपात हे गाणं नदी ओलांडत नाही. तारी नको म्हणतो आणि नाच चालू राहतो. त्या बायकांचं पुढं काय झालं, दामूच्या लग्नात नाच झाला की नाही, हे गाणं सांगत नाही. गाणं काठावर थांबतं, म्हणून दर पिढीला पुन्हा काठावर येऊन उभं राहावं लागतं. आज पणजीला मांडवीवर संध्याकाळी पर्यटकांच्या बोटी निघतात. वर दिवे, मंचावर लुगडं नेसलेल्या मुली, आणि देखणी वाजतेच. तासाभरानं बोट फिरून ज्या धक्क्यावरून निघाली त्याच धक्क्याला लागते. मी एकदा त्या बोटीत होते. खाली उतरताना मला वाटलं, आजसुद्धा त्या बायका पलीकडे पोचल्या नाहीत.

आता त्या खऱ्या बायकांविषयी बोलते. कारण कलावंतीण म्हणजे नाचातलं सोंग एवढंच आपल्या मुलांना माहीत असेल, तर चूक आपली आहे.

गोव्यात देवळाशी बांधलेल्या बायकांना कलावंतीण म्हणत. आपल्याकडे, सावंतवाडी संस्थानापासून रत्नागिरीपर्यंत, देवळांत भाविणी होत्या. देवापुढं दिवा लावणं, झाडलोट, पालखीपुढं चवऱ्या ढाळणं हे त्यांचं काम. देवाला वाहिलेली म्हणायचं आणि गावातल्या बळवंतांच्या स्वाधीन करायचं, अशी ती रीत. तिच्या मुलांना बापाचं नाव नाही. गाणं-नाच त्यांनी जपला, आणि गाणं-नाच येतं म्हणूनच त्यांना नावं ठेवली गेली. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासी संरक्षण कायदा झाला. पण कायद्याच्या आधीपासून त्या समाजातल्याच माणसांनी कंबर कसली होती. राजाराम रंगाजी पैंगणकरांचं 'मी कोण?' हे आत्मचरित्र मिळालं तर वाचा. ज्याला जन्मानं ओळख नाकारली गेली, त्यानं पुस्तकाला असं नाव दिलं. मुलींना शाळेत घालणं, त्यांची लग्नं लावणं, समाजाला नवं नाव देणं, हे काम त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलं. गोमंतक मराठा समाज हे नाव त्यातून आलं.

या समाजातून कोण कोण आलं ते बघा. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई. कुर्डीच्या मोगूबाई. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकल्या. मंगेशीच्या देवळाशी बांधलेल्या घराण्यातून दीनानाथ आले, आणि पुढं मंगेशकर हे नाव जगाला कळलं. गाण्यातली कलावंतीण तारयाला पैंजण देत होती. खरी कलावंतीण पैंजण उतरवून तंबोरा घेऊन बसली आणि तिनं आपली वाट आपण शोधली. मुंबईला जाणाऱ्या आगबोटीत ती बसली, तेव्हा तिनं कुणाला 'घे' म्हटलं नाही. तिकीट काढलं.

केसरबाईंची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल, पण आज ती वेगळ्या जागी ठेवून सांगते. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. सूर्यमालेपलीकडे कुणी असेलच, तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तीत बाख आहे, बीथोवन आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे. भारताचं एकच गाणं आहे, साडेतीन मिनिटांचं. केसरबाई केरकरांची भैरवी. पहिलं यान 20 ऑगस्टला सुटलं, दुसरं 5 सप्टेंबरला. त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. 2012 साली व्हॉयेजर 1 सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. माणसाच्या हातची कुठलीही वस्तू आजवर इतकी दूर गेलेली नाही. आता ते 2400 कोटी किलोमीटरांहून पलीकडे आहे.

आणि त्या भैरवीचे बोल सुरू होतात ते 'जात कहाँ हो' असे. कुठं निघालात?

श्रोतेहो, मी हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा पेटी मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या अंधारात, जिथं तारी नाही आणि काठही नाही, तिथं फोंड्याच्या एका मुलीचा आवाज विचारतो आहे, कुठं निघालात? आणि या काठावर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, लुगडं सावरत, चुकत-माकत नाचणारी आपली नात 130 वर्षांपूर्वीच्या शब्दांत त्याचंच उत्तर देते आहे: पलतडी.

म्हणून माझी एक विनंती आहे. हे गाणं बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. मुलींना नाचू द्या. बँडला वाजवू द्या. पण तालमीच्या पहिल्या दिवशी, ठेका धरण्याआधी, त्यांना गुरुजींचा प्रश्न विचारा. ह्या गाण्यात कोण बोलता? त्यांना सांगा की बोलते ती एक बाई आहे, तिच्यासारख्या बाया आपल्या देवळांतही होत्या, आणि त्यांच्या लेकीबाळी पुढं केसरबाई झाल्या. जॉर्जिया टर्नरचंही नाव सांगा. एवढं कळल्यावर मुली पुन्हा नाचतील तेव्हा पाय तसेच पडतील, पण 'घे' म्हणताना हाताची ओंजळ वेगळी होईल. मी शिकवलेल्या मुलींत हे मी पाहिलं आहे.

देवबागच्या त्या रात्री मी आत्येला विचारलं होतं, "आता गे?" ती पलीकडच्या दिव्यांकडे बघत म्हणाली, "सकाळी वारो पडतलो. मगे जांव." सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाळ झालं होतं. मुलगी होती.